माफीचे माप

माफी केवढी असावी? प्रश्न विचित्र वाटेल. पण तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने भर न्यायालयात विचारलेला आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यातील ही गोष्ट. औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि त्या थांबविण्याच्या हमीचा भंग या प्रकरणी पतंजली आयुर्वेद ही कंपनी, योगगुरू रामदेव व आचार्य बाळकृष्ण यांस न्यायासनापुढे उभे राहावे लागले होते. लेखी माफीनामे आधीच सादर झाले होते. न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांनी ते स्वीकारले नव्हते. मग सदुसष्ट वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापण्यात आली. त्यावर न्यायमूर्तींनी विचारले, की ही माफी तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढीच मोठी आहे काय? माफी वाचण्यासाठी कोणी सूक्ष्मदर्शक हाती घ्यावा, अशी अपेक्षा आहे काय? दुसऱ्याच दिवशी मोठ्या आकाराची माफी प्रसिद्ध झाली. ३० एप्रिलला न्यायालयाने सुधारणा झाल्याचे मान्य केले, आणि ते करताना एक गोष्ट मुद्दाम बोलून दाखविली: पहिल्या माफीत केवळ कंपनीचे नाव होते, आता माणसांची नावे आली आहेत. पुढे १३ ऑगस्टला अवमानाचे ते प्रकरण मिटविण्यात आले.

प्रकरण मिटले, पण त्यातून निघालेल्या दोन कसोट्या मिटवू नयेत, असे आम्हांस वाटते. पहिली कसोटी मापाची: अपराध जेवढ्या मोठ्या आवाजात झाला, माफीही तेवढ्याच मोठ्या आवाजात झाली काय? आणि दुसरी नावाची: चुकले कोण, हे त्या माफीत लिहिले आहे काय? कायद्याच्या दरबारात सुचलेल्या या कसोट्या कोणत्याही शाळामास्तरास सुचाव्यात इतक्या साध्या आहेत. तरीही आज आपल्या कानांवर आदळणाऱ्या जाहीर माफ्यांपैकी किती त्यांस उतरतील?

जाहीर माफी हा आता एक धंदेवाईक लेखनप्रकार झाला आहे. नटाने एखाद्या समारंभात नको ते बोलावे, क्रिकेटपटूने मुलाखतीत बरळावे, विनोदवीराची जीभ सैल सुटावी. दोन दिवस गदारोळ व्हावा आणि तिसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर एक निवेदन झळकावे, हा क्रम पंचांगातल्या तिथीसारखा ठरून गेला आहे. निवेदनाचा मजकूरही ठरलेला. ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला. कोणाच्याही भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो. आपले प्रेम असेच राहू द्यावे.’ खालचे नाव बदलले, की हेच निवेदन पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या उपयोगी पडते. भाड्याचा शेला जसा आज या नवरदेवाच्या आणि उद्या त्या नवरदेवाच्या खांद्यावर, तशी ही माफी!

वर्गात व्याकरण शिकविण्यात आयुष्याची काही वर्षे घालविलेल्या माणसाची नजर अशा मजकुरात प्रथम कर्ता शोधते. ‘मी चुकलो’ हे मराठीतील सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण वाक्य. त्यात मी आहे, चुकणे आहे, आणि दोहोंच्या मध्ये लपावयास तसूभरही जागा नाही. ‘माझ्याकडून चूक झाली’ असे म्हटले, की चूक ही वाक्याची मालकीण होते आणि माणूस ‘कडून’ या अव्ययाच्या आडोशाला जाऊन बसतो. ‘चूक झाली’ असे म्हटले, की माणूस वाक्याबाहेरच पडला. जणू पाऊस पडावा तशी चूक आपण होऊन पडली. आणि ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’ ही तर या कलेची परिसीमा! इंग्रजीच्या वळणाने आपल्याकडे आलेला हा नवा कर्मणी प्रयोग. त्यात दुखावणारा कोठेच दिसत नाही. आणि शेवटच्या ‘असल्यास’ने तर दुखापतच संशयास्पद ठरविली. चुकलो असेन तर चुकलो. जखम असेल तर औषध. आणि नसेल, तर तुमचीच कातडी नाजूक! माफी मागणाऱ्याने ऐकणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असा हा चमत्कार एका कृदंताने साधला जातो.

शब्दांची निवडही पाहण्यासारखी असते. आपल्या भाषेत या प्रसंगासाठी चार शब्द आहेत आणि चारही निरनिराळ्या जातीचे. खेद हा स्वतःपुरता आहे. तो व्यक्त करावयास समोर कोणी असण्याची गरज नाही. आगगाडीला उशीर झाल्याचा खेद ध्वनिक्षेपकालाही होतो. दिलगिरी फारसीतून आलेली. मन खिन्न झाल्याची ती वार्ता, त्याहून अधिक काही नाही. अरबीतून आलेली माफी आणि संस्कृतातील क्षमा या दोहोंची गोष्ट मात्र वेगळी. त्या व्यक्त करता येत नाहीत. त्या मागाव्या लागतात. ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे. म्हणजे सोसणारा जो आहे त्याच्या हाती क्षमा असते, आणि तिची याचना करणाऱ्याला रिकाम्या हातीही परतावे लागू शकते. खेद व्यक्त करणारा बोलून मोकळा होतो. क्षमा मागणारा उत्तराची वाट पाहत उभा राहतो. आमच्या प्रसिद्ध पुरुषांस आणि स्त्रियांस खेद व दिलगिरीच का प्रिय असावी, हे सांगावयास नको.

ही भाषा आली कोठून? तिचा सारा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. कारण बहुधा ती त्याने लिहिलेली नसतेच. ती वकिलाच्या टेबलावर जन्मते आणि प्रसिद्धी सांभाळणाऱ्या कचेरीत बाळसे धरते. ‘हेतू नव्हता’ हे वाक्यच घ्या. भारतीय दंडविधानात १९२७ साली २९५-अ हे कलम घालण्यात आले; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात त्याने आपले बिऱ्हाड हलविले आहे. धार्मिक भावना दुखावण्याचा तो अपराध सिद्ध व्हावयाचा तर कृत्य हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेले असावे लागते. तेव्हा ‘माझा हेतू नव्हता’ हा पश्चात्ताप नव्हे. तो बचावाचा पहिला मुद्दा आहे. न्यायालयासाठी रचलेले वाक्य आपण जनतेपुढे आलेला हुंदका म्हणून ऐकतो. आणि कायदाही या दुबळेपणाकडे काहीशा ममतेने पाहतो. १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमाच्या १२ व्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे, की माफी प्रामाणिक असेल, तर केवळ ती सशर्त आहे म्हणून फेटाळली जाऊ नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९८६ सालीच कायदा केला, की अपघातानंतर दाखविलेली सहानुभूती ही दोषाची कबुली म्हणून पुराव्यात धरली जाणार नाही; आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये त्याही पुढे जाऊन प्रत्यक्ष माफीलाच तसे संरक्षण दिले. याचा अर्थ एवढाच, की ‘मी चुकलो’ हे शब्द उद्या आपल्याच विरुद्ध उभे राहतील, ही भीती काल्पनिक नाही. त्यात जाहिरातदारांच्या करारांची भर पडते. लक्षावधी, कोट्यवधी रुपये ज्या चेहऱ्यावर अवलंबून आहेत, त्या चेहऱ्याला डाग लागला असे कबूल कोण करणार? मग डाग पडला नसून प्रकाशच वाईट होता, असे सांगण्याकडे कल होतो.

पण भीतीला कारण आहे म्हणून भित्रेपणा सद्गुण ठरत नाही. काही उदाहरणे ताजी आहेत. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांच्या जानेवारी २०१९ मधील दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत पंड्या यांनी स्त्रियांविषयी जी मुक्ताफळे उधळली, त्यांची आठवण वाचकांस असेल. नंतरच्या माफीत त्यांनी, ज्या कोणास आपण दुखावले असेल त्या सर्वांची माफी मागितली आणि कार्यक्रमाच्या एकंदर स्वरूपामुळे आपण वाहवत गेलो, असे म्हटले. म्हणजे दुखावलेले कोण याचा पत्ता नाही, आणि वाहून नेणारा प्रवाह दुसऱ्याचाच! स्त्रियांविषयी आपण जे बोललो ते स्त्रियांची मानहानी करणारे होते, एवढे एक वाक्य त्या माफीत असते, तर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून मायदेशी पाठविले जाणे टळले असते असे नव्हे. पण माफी खरी झाली असती. अखेर त्याच वर्षी क्रिकेट नियामक मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी वीस लाख रुपयांचा दंड केला.

२०२२ च्या मार्चमध्ये ऑस्कर सोहळ्याच्या रंगमंचावर विल स्मिथ या नटाने ख्रिस रॉक या विनोदवीराच्या मुस्कटात मारली. त्याच रात्री सर्वोत्तम अभिनेत्याचे पारितोषिक घेताना त्याने अश्रू ढाळले आणि क्षमाही मागितली, परंतु कोणाची? पारितोषिक देणाऱ्या अकादमीची आणि बरोबरीच्या स्पर्धकांची. ज्याच्या गालावर हात उठला, त्याचे नाव त्या भाषणात नव्हते. ते दुसऱ्या दिवशीच्या लेखी निवेदनात आले. रुसण्याची भीती ज्याची, त्याची माफी आधी. आणि ज्याला लागले, त्याची मागाहून. हा क्रम केवळ हॉलिवूडचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

याउलट २०१८ चे केपटाऊन पाहा. कसोटी सामन्यात चेंडू खरवडल्याचे उघड झाले तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि तरुण खेळाडू कॅमरॉन बँक्रॉफ्ट यांनी त्याच संध्याकाळी पत्रकारांपुढे कबुली दिली. परंतु त्या कबुलीतही एक लबाडी शिल्लक होती: हाती चिकटपट्टी होती असे सांगण्यात आले, तो घासकागद होता, हे पुढच्या चौकशीत निघाले. अर्धी कबुली ही अखंड खोट्याहून घातक असते. कारण ती सत्याचा वेष घेऊन येते. मात्र चार-पाच दिवसांनी सिडनीच्या विमानतळावर वडिलांचा हात खांद्यावर असताना स्मिथ जे बोलला, त्यात ‘असल्यास’ नव्हते. नेतृत्व माझे, ते अपयशी ठरले, जबाबदारी माझी, असे त्याने सांगितले. अश्रूंचे आम्हांस मोठेसे कौतुक नाही; ते रडावयास शिकलेल्यांसही येतात. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पुढचे: बारा महिन्यांच्या बंदीविरुद्ध अपील करण्याचा हक्क असूनही त्याने तो बजावला नाही. माफीचे वाक्य तोंडाने पुरे होत नाही. त्याचे क्रियापद वर्तनात असते.

अक्षयकुमार यांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये पानमसाल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका छापाच्या वेलचीची जाहिरात केल्याबद्दल चाहत्यांची माफी मागितली, तेव्हा त्यांनी त्या जाहिरातीपासून दूर होत असल्याचे सांगितले आणि मानधन सत्कार्यास देण्याचे जाहीर केले. हे इष्टच झाले. माफीला पैशाची किंमत असावी, हे त्यांस कळले. पण त्याच निवेदनात, कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात चालू राहू शकेल, अशीही सूचना होती. पश्चात्ताप तात्काळ आणि जाहिरात मुदतीपर्यंत! प्रामाणिक माणसालाही कराराचा कागद कसा बांधून टाकतो, याचे हे उदाहरण. सही करण्यापूर्वी विचार केला, तर माफीचा कागद लिहावाच लागत नाही, हे या प्रकरणाचे तात्पर्य.

येथवर आम्ही माफी मागणाऱ्यांस बोल लावला. परंतु नाण्याची दुसरी बाजू न पाहिली, तर हा लेखही त्या निवेदनांसारखाच अर्धवट ठरेल. माफी मागून घेणाऱ्यांचे काय? २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वेक अप सिड’ या चित्रपटात मुंबईस ‘बॉम्बे’ म्हटले म्हणून त्याचे खेळ बंद पाडण्यात आले; निर्माते करण जोहर यांनी राज ठाकरे यांच्या घरी जाऊन माफी मागितली तेव्हा गाडे पुढे सरकले. मुंबईस मुंबईच म्हणावे, याविषयी आमचे दुमत नाही. या नावासाठी मराठी माणसाने दीर्घकाळ आग्रह धरला आणि तो रास्त होता. पण नाक दाबले की तोंड उघडते, एवढेच अशा प्रसंगी सिद्ध होते. मन उघडते असे नाही. जपानमध्ये २०१३ साली मिनामी मिनेगिशी या तरुण गायिकेने स्वतःच्या डोक्याचे मुंडण करून, रडत रडत चित्रफितीतून माफी मागितली. तिचा अपराध कोणता? ती एका तरुणाच्या घरी रात्री राहिली होती. तिने कोणाचे काय घेतले होते? अपराधच नसताना वसूल केलेली ही माफी पाहून ज्यांस लाज वाटावयास हवी होती, ते पडद्यावर नव्हते, तर पडद्यासमोर बसले होते.

आपल्याकडेही ‘भावना दुखावल्या’ हा उद्गार आता दुःखाचा कमी आणि मागणीपत्राचा अधिक झाला आहे. प्रत्येक दिवशी नवी माफी हवी. कालची विसरून आजची. असे पीक जोरात घेतले, की धान्यात कस राहत नाही. जी माफी दबावाने मागितली जाते, ती घोकलेल्या शब्दांत येणार. आणि घोकलेली माफी ऐकून आपण ‘ही खरी नव्हे’ म्हणून पुन्हा संतापणार! सांच्यातली माफी आम्हीच मागवितो आणि तिला सांच्यातली म्हणून आम्हीच नावे ठेवतो. खऱ्या माफीला वेळ लागतो, एकांत लागतो आणि ती नाकारली जाण्याची शक्यता लागते. यांपैकी आपण त्या माणसाला काय देतो?

मग खरी माफी कशी असते? तिचा उत्तम नमुना पंधरा वर्षांच्या एका मुलाने घालून दिला आहे. मोहनदास गांधी याने भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला होता. तोंडाने सांगण्याचे धैर्य होईना, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हाती दिली. आत्मकथेत तो प्रसंग आहे. त्या चिठ्ठीत काय काय होते, ते मोजून पाहावे: आपण काय केले याची कबुली, योग्य शिक्षेची मागणी, वडिलांनी स्वतःस शिक्षा करून घेऊ नये अशी विनंती आणि पुन्हा न करण्याची प्रतिज्ञा. ‘असल्यास’ नाही, ‘विपर्यास’ नाही. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. हाच मुलगा १९१९ साली देशाचा पुढारी झाला होता. सत्याग्रहाची शिकवण नसलेल्या लोकांच्या हाती आपण कायदेभंग अकाली दिला, ही आपली हिमालयाएवढी चूक, असे त्याने नडियादच्या सभेत सांगितले. त्या शब्दाबद्दल त्याची टिंगलही झाली. पण चुकीचे माप हिमालयाचे सांगितल्याने माणूस बुटका झाला नाही, हे इतिहासाने दाखविले आहे.

एक आठवण आमच्या पदरचीही सांगितली पाहिजे. शिक्षकी पेशातील ती पहिली वर्षे. वर्गातील एका मुलाच्या निबंधाची वही पाहून आम्ही ती नक्कल ठरविली आणि भर वर्गात, पन्नास मुलांदेखत, त्याची हजेरी घेतली. नक्कल करणारा दुसराच होता, हे दोन दिवसांनी कळले. आम्ही त्या मुलाला मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतले आणि ‘गैरसमज झाला होता, मनावर घेऊ नकोस’ असे म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरविला. तो ‘बरं सर’ म्हणाला आणि गेला. आम्हांस हलके वाटले. कितीतरी वर्षांनी ध्यानात आले, की अपमान पन्नासांपुढे झाला होता आणि माफी बंद खोलीत. शिवाय तीही मागितली नव्हती, ‘गैरसमज झाला होता’ म्हणून झालेली घटना कळविली होती. त्या पन्नास मुलांच्या लेखी तो मुलगा आजही नकलबहाद्दर असेल. न्यायमूर्तींनी विचारलेला मापाचा प्रश्न त्या दिवशी आम्हांस कोणी विचारला नाही, याचे वैषम्य अजून जात नाही.

आणि वृत्तपत्रांचे काय? दुसऱ्यांच्या माफीचे व्याकरण तपासणाऱ्या आम्ही आपली पाने कधी तपासली आहेत काय? चूक पहिल्या पानावर, सात स्तंभी मथळ्यात. आणि दुरुस्ती आतल्या पानावर, हवामान आणि निविदा यांच्या मधल्या फटीत, बारीक टंकात! तीही ‘अनवधानाने प्रसिद्ध झाले’ अशा शब्दांत, जणू अनवधान नावाचा कोणी इसम आमच्या कचेरीत नोकरीस आहे. ज्याचे नाव चुकीने आरोपींच्या यादीत छापले गेले, त्याचे शेजारी मथळा वाचतात, खुलासा वाचत नाहीत. न्यायालयाचा सूक्ष्मदर्शकाचा टोला प्रतिवादींना होता. पण माफी छापणाऱ्यांनी तो आपल्यालाही लागू करून घेतलेला बरा.

म्हणून हे पहिल्या पानावर लिहीत आहोत. पहिल्या पानावर झालेली आमची चूक यापुढे पहिल्याच पानावर दुरुस्त केली जाईल, ‘आम्ही चुकलो’ या शब्दांत. वाचकांनी आम्हांस या वचनाने बांधावे, आणि ते मोडलेले दिसल्यास जाब विचारावा. जुने व्यापारी हिशेबाच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहीत. त्यात दोन क्रियापदे आहेत, हे आपण विसरलो. ज्याने चूक केली त्याने तिची पूर्ण रक्कम द्यावी, हातचे राखून देऊ नये. आणि ज्याच्याकडे ती पूर्ण मापाने आली, त्याने ती घेऊन खाते बंद करावे, जन्मभर तगादा लावू नये. माफीचा हिशेब एवढाच आहे. तो ज्या समाजास जमतो, तेथे चुकलेल्या माणसाला परत येण्याची वाट उरते. जेथे जमत नाही, तेथे निवेदने वाढतात आणि माणसे मात्र आपापल्या जागी ताठ उभी राहतात.